रात्रपाळीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सहा वर्षं क्वालिटीला आहात, आत्तापर्यंत फर्स्ट आणि जनरल शिफ्टच केली. आता ऑर्डर वाढली म्हणून थर्ड शिफ्ट सुरू होतेय आणि लाईनवरच्या सगळ्या बायकांकडून एका छापील कागदावर 'रात्रपाळीत काम करण्यास माझी हरकत नाही' अशी सही घेतायत. घरी तीन वर्षांची मुलगी, नवऱ्याचीही शिफ्ट ड्युटी. दीर म्हणतात बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवताच येत नाही, सरळ नाही सांग. एचआर म्हणतंय नवीन कायदा आलाय, आता नाही म्हणता येत नाही. खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. दीर सांगतायत तो कायदा होता पण आता तसा राहिला नाही, आणि एचआर सांगतंय तो नवीन कायदा आलाय पण तो जे म्हणतो त्याच्या बरोबर उलटं ते तुम्हाला सांगतायत. मी नऊ वर्षं एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते आणि त्यानंतर गेली सोळा वर्षं कामगार कायद्याची वकिली करतेय, त्यामुळे हा कागद मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. जरा सविस्तर लिहिते, कारण 'कायद्याने चालतं का' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे पण तुमची खरी अडचण ती नाहीये. तुमची खरी अडचण अशी आहे की त्या सहीची किंमत काय, आणि ती करण्याआधी तुम्ही काय मागून घेऊ शकता.

आधी दिरांचं. कारखाने अधिनियम १९४८, कलम ६६. बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कारखान्यात कामाला ठेवायचं. राज्य सरकारला ही वेळ थोडी पुढेमागे करता यायची, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत परवानगी द्यायचा अधिकार सरकारलाही नव्हता. सूट होती ती मासे खारवणं, डबाबंद करणं अशा कारखान्यांना, कारण बोट लागली की माल थांबत नाही, नासतो. आणि एक बारीक गोष्ट होती जी भल्याभल्या एचआरवाल्यांना माहीत नसायची. सुपरवायझर-मॅनेजर लोकांना कामाच्या तासांच्या बाकी कलमांतून सूट मिळायची, पण कलम ६४ मध्ये बायकांच्या रात्रीच्या बंदीला त्या सुटीतून मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. म्हणजे बाई शिफ्ट इंजिनिअर झाली तरी रात्री नाही.

हे काही फक्त आपल्याकडचं नव्हतं. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला युरोपातल्या देशांनी बायकांच्या रात्रीच्या कामावर बंदीचा करार केला, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्यावहिल्या करारांमध्ये हा विषय होता, पुढे १९४८ चा ८९ क्रमांकाचा करार भारताने मान्य केला. आपल्याकडे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यातच बायकांच्या तासांवर मर्यादा आली होती. त्या काळी गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं, घरी जाऊन परत चूल, त्यामुळे ही बंदी आणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी मनापासून मान्य करते.

पण बंदीची किंमत बायकांनीच मोजली. माझ्या कल्याण अधिकारी असतानाच्या दिवसांतली गोष्ट सांगते. आमच्याकडे एक बाई होत्या, विधवा, दोन मुलं, प्रेसवर अकरा वर्षं. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवताना त्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या की मधली फट कमी पडतेय, नवीन पोरं त्यांना बोलावून न्यायची. सेटरची, म्हणजे मशीनवर डाय लावून देणाऱ्याची, जागा निघाली तेव्हा सगळ्यांना वाटलं यांनाच मिळणार. मिळाली नाही, कारण सेटर तिन्ही शिफ्टला फिरतो आणि बाईला नाईट देता येत नाही. ती जागा त्यांनीच शिकवलेल्या मुलाला गेली. सेटरचा ग्रेड वेगळा, पगार वेगळा, पुढे लाईन इनचार्ज व्हायचा रस्ता तिथूनच जातो. त्या माझ्या केबिनमध्ये येऊन एवढंच म्हणाल्या की मॅडम मी तर रात्री यायला तयार आहे, मला कोणी विचारलंच नाही. त्या दिवसापासून 'रात्रपाळीला बंदी म्हणजे बाईचं संरक्षण' हे वाक्य मला तोंडातून काढता आलेलं नाही.

कोर्टातही हाच मुद्दा गेला. मद्रास हायकोर्टाने डिसेंबर २००० मध्ये कलम ६६ मधली रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली, पुढे आंध्र प्रदेश आणि गुजरात हायकोर्टांनीही तसंच म्हटलं. मद्रासच्या निकालातला मला सगळ्यात कामाचा वाटतो तो भाग म्हणजे कोर्टाने नुसतं दार उघडून सोडून दिलं नाही, अटी घातल्या. बायका रात्री एकट्यादुकट्या नाही तर किमान दहाच्या गटाने असाव्यात, सुपरवायझरी स्टाफमध्ये निदान एक तृतीयांश बायका असाव्यात, गेटवर महिला सिक्युरिटी असावी, पाळी बदलताना मध्ये किमान बारा तास विश्रांती मिळावी. हा निकाल तामिळनाडूचा आहे, तुमच्या कंपनीला तो जसाच्या तसा बांधील नाही, पण 'पुरेशी सुरक्षितता' म्हणजे नेमकं काय असा वाद निघाला की मी आजही तीच यादी समोर ठेवते. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये दिल्लीत बायकांना बारमध्ये काम करायला बंदी होती त्या केसमध्ये याच दिशेने म्हटलं, की सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला कामापासून लांब ठेवण्याऐवजी काम सुरक्षित करा. आणि केरळ हायकोर्टात २०२१ मध्ये एका सेफ्टी ऑफिसर मुलीची केस आली होती, सरकारी कंपनीने जाहिरातीतच लिहिलं होतं की फक्त पुरुषांनी अर्ज करा कारण रात्री ड्युटी असते. कोर्टाने ती अट उडवली.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून सुरक्षितता आणि प्रवासाच्या अटींवर कारखान्यात बायकांना रात्री काम खुलं केलं. दुकानं आणि ऑफिसांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे, तिथे रात्री साडेनऊची वेळ आहे, तो तुम्हाला लागू नाही, पण लोक दोन्हीची गल्लत करतात म्हणून सांगितलं. आणि आता एचआर ज्याला 'नवीन कायदा' म्हणतंय तो म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता २०२०, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिचं कलम ४३ म्हणतं की बायकांना सगळ्या आस्थापनांत सगळ्या प्रकारच्या कामांवर घेता येईल, आणि त्यांच्या संमतीने सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतरही, सरकार ठरवून देईल त्या अटींवर.

'त्यांच्या संमतीने' हे शब्द कायद्यात आहेत. कंपनीने मोठ्या मनाने दिलेली ती सवलत नाही. 'आता नाही म्हणता येत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला हे कलम मराठीत छापून दाखवा. ज्या गोष्टीला संमती लागते त्या गोष्टीला नकारही देता येतो, नाहीतर संमती या शब्दाला अर्थच उरत नाही.

इथे एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण तुम्हाला लागेल. कायद्यात 'नाईट शिफ्ट' असा शब्द नाहीये, 'सातच्या नंतर' असं आहे. म्हणजे दुपारी तीन-साडेतीनला सुरू होऊन रात्री बाराला सुटणारी सेकंड शिफ्टसुद्धा यात येते. बऱ्याच ठिकाणी असं होतं की बायकांना थर्डला बोलवत नाहीत पण सेकंडला विचारतही नाहीत, बसही नसते, कारण सगळ्यांच्या डोक्यात रात्रपाळी म्हणजे बारा ते आठ. सेकंडलाही संमती लागते आणि घरापर्यंतच्या प्रवासाची सोयही लागते.

आता त्या सहीबद्दल. एका कंपनीत, नाव घेत नाही, मी संमतीपत्रं गोळा होताना पाहिली आहेत. सकाळी हजेरीच्या पंचिंग मशीनच्या शेजारी टेबल टाकलेलं, त्यावर एकच लांब यादी, वर छापील वाक्य, खाली चाळीस नावं आणि पुढे सहीचा रकाना. मागे रांग, सात वाजायला तीन मिनिटं, लेट पंच झाला तर पैसे कापतात. एकेक बाई येते, सही ठोकते, पळते. त्यातली एक मुलगी थांबली आणि टेबलावरच्या क्लार्कला म्हणाली, भाऊ, यात 'नाही' लिहायची जागा कुठंय? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, त्याने माझ्याकडे बघितलं. जागा नव्हतीच. आम्ही तो कागद त्याच दिवशी रद्द केला आणि प्रत्येकीचा वेगळा फॉर्म केला, 'हो', 'नाही' आणि 'या अटींवर हो' असे तीन पर्याय, घरी न्यायला तीन दिवस. चाळीसपैकी बऱ्याच जणींनी तिसरा पर्याय निवडला, आणि त्या अटी वाचूनच आम्हाला कळलं की काय काय कमी आहे.

तर तुमच्याकडे आलेला कागद तसाच एकत्र यादीचा असेल तर त्यावर सही करू नका. तोंडी भांडूही नका, फक्त म्हणा की मला माझा वेगळा फॉर्म द्या, घरी वाचून देते. घाई करतील. घाई करणं हेच सांगतं की समोरच्यालाही त्या कागदाची किंमत माहीत आहे.

नाही म्हटलं तर काढतील का? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून सरळ 'नाही काढू शकत' असं लिहून मोकळी होत नाही. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'कंपनी सांगेल त्या शिफ्टमध्ये काम करावं लागेल' असं वाक्य असेलच, जवळपास सगळ्यांच्या असतं. एचआर ते दाखवेल. पण सहा वर्षांपूर्वी केलेली ती सर्वसाधारण सही म्हणजे कलम ४३ खालची संमती नाही असंच माझं मत आहे आणि मी तसंच मांडते, कारण कायदा संमती मागतो ती रात्रीच्या कामासाठी, त्या अटींसकट, आणि तेव्हा तर हे कलम लागूही नव्हतं. नकार दिला म्हणून कामावरून काढलं तर ती बेकायदेशीर बडतर्फी म्हणून लढता येते. पण खरं सांगायचं तर कंपन्या सहसा काढत नाहीत, बाजूला सारतात. क्वालिटीतून पॅकिंगला टाकणं, ओव्हरटाईम न देणं, इन्क्रीमेंटच्या वेळी 'फ्लेक्झिबल नाही' असा शेरा. म्हणून नकार असो की होकार, लेखी पाहिजे, तारखेसकट, आणि तुमच्या कॉपीवर आवक शिक्का किंवा निदान कोणाची तरी सही. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर एचआरच्या मेलवर पाठवा. सहा महिन्यांनी बदली झाली तर त्या दोन तारखा शेजारी ठेवून बोलता येतं.

अजून एक, जे युनियनवाल्यांना माहीत असतं पण युनियन नसलेल्या ठिकाणी कोणी सांगत नाही. नवीन शिफ्ट सुरू करणं हाच मुळात सेवाशर्तींतला बदल आहे. स्थायी आदेशांत, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स या कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, आधीच तरतूद नसेल तर कंपनीला कामगारांना २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते, पुरुषांनाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नवीन औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नोटीस बोर्डावर तशी नोटीस लागली का ते बघा आणि तिचा फोटो काढून ठेवा.

आता समजा तुम्हाला जायचं आहे, निदान नाही म्हणायचं नाहीये. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की क्वालिटी इनचार्जची जागा निघणार आहे आणि ती तिन्ही शिफ्टची आहे. मला वाटतं तुमच्या मनातला खरा गुंता तिथे आहे, आणि मी तुम्हाला घाबरवून घरी बसवणार नाही. मग अटी नीट मागा.

सगळ्यात आधी प्रवास. २००७ मध्ये पुण्यात बीपीओमधल्या एका मुलीला रात्रपाळीला नेणाऱ्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने मारलं, त्यानंतर पिकअप-ड्रॉपचे नियम आयटी कंपन्यांत कडक झाले. कारखान्यांत मात्र अजूनही 'बस आहे' एवढ्यावर विषय संपतो. मी एकदा सेकंड शिफ्टच्या बसने रात्री साडेबारानंतर शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले होते, मुद्दाम, वही घेऊन. बस हायवेच्या कडेला थांबायची. तिथून वस्ती आत साधारण सातशे पावलं, एका बाजूला प्लॉटिंगचं मोकळं रान, खांबावर दिवा एकही नाही. एक मुलगी उतरली, तिने डबा काखेत धरला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि दुसऱ्या हाताने भावाला फोन लावून 'बोलत राहा' म्हणाली. रोज हेच, म्हणाली. आमच्या रजिस्टरला ती 'ड्रॉप पूर्ण' होती. म्हणून संमतीपत्रात 'बसची सोय' असं लिहून घेऊ नका, 'घराच्या दारापर्यंत' असं लिहून घ्या. बस गल्लीत जात नसेल तर छोटी गाडी, हा त्यांचा प्रश्न आहे. गाडीत सगळ्यात आधी चढणारी आणि सगळ्यात शेवटी उतरणारी एकटी बाई नको, असली तर सोबत महिला गार्ड. ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन, गाडीला जीपीएस, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. तो नंबर आधी रात्री दोनला स्वतः लावून बघा.

कंपनीने दिलेली गाडी ही लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात कामाचीच जागा धरली जाते, हेही लक्षात असू द्या. ड्रायव्हरने काही बोललं-केलं तर 'ते गेटच्या बाहेर झालं' हे उत्तर चालत नाही. दहा किंवा जास्त लोक असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजेच, तिची अध्यक्ष बाई, निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. समितीच्या सदस्यांची नावं बोर्डावर असतील, पण त्यातलं कोणी रात्री असतं का ते विचारा. माझ्या अनुभवात समितीतल्या सगळ्या जणी जनरल शिफ्टच्या ऑफिस स्टाफच असतात.

गेटच्या आत तुम्हीच माझ्यापेक्षा नीट बघू शकाल. शॉपपासून, म्हणजे जिथे मशीनवर काम चालतं तिथून, बायकांच्या टॉयलेटपर्यंत रात्री चालत जाऊन बघा, मधल्या बोळात दिवा आहे का, आतली कडी लागते का, आणि रात्री त्याला बाहेरून कुलूप तर नसतं ना, कारण किल्ली दिवसपाळीच्या हाऊसकीपिंगकडे असते हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. कँटीन रात्री चालू असतं का. दुखापत झाली तर फर्स्ट एडला कोण, गाडी कोणती. शिफ्टला एकूण बायका किती, हे तर लिहूनच घ्या. अख्ख्या शॉपमध्ये एकटी किंवा दोघी, असं असेल तर मी तुमच्या जागी सही करणार नाही. खाणींसाठी केंद्राने २०१९ मध्ये जमिनीवरच्या कामाला रात्रीची परवानगी दिली तेव्हाही किमान तीन जणींचा गट अशी अट घातली होती.

मग झोप आणि मुलगी. रात्रपाळी शरीराला सोसत नाही हे बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय. पुरुष सकाळी घरी येऊन पडदा ओढून झोपतो. बाई सकाळी घरी येते तेव्हा डब्याची वेळ असते. रात्रपाळीच्या बायकांशी बोलताना मी पहिला प्रश्न विचारते तो किती तास झोपता हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा 'तीन, कधी चार, तेही तुकड्या-तुकड्यांत' असं येतं. हा प्रश्न कायद्याने सुटत नाही, घरात बसून सुटतो. तुमची आणि नवऱ्याची नाईट एकाच आठवड्यात येणार नाही असं रोटेशन मागता येतं, ते मागा. पाळी बदल साप्ताहिक सुट्टीनंतरच व्हावा, जुन्या कलम ६६ मध्ये ही अट बायकांसाठी होती आणि ती चांगली अट होती, आजही मागायला काही हरकत नाही. पन्नास किंवा जास्त लोक असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, पण ते संध्याकाळी बंद होत असेल तर तुम्हाला रात्री त्याचा उपयोग शून्य, म्हणून वेळ विचारा. ज्या कोणी गरोदर आहेत त्यांनी आत्ताच लेखी कळवा. बाळंतपणानंतर सहा आठवडे तर कामावर घ्यायचंच नसतं, आणि त्याआधीही जड किंवा खूप वेळ उभं राहायचं काम शेवटच्या टप्प्यात नको असं मागता येतं.

पैशाचं थोडक्यात. नाईट अलाउन्स कायद्याने मिळत नाही, तो करारातून किंवा कंपनीच्या पॉलिसीतून येतो, पण पुरुषांना मिळत असेल तर तुम्हालाही तेवढाच मिळाला पाहिजे. ओव्हरटाईम मात्र कायद्याने दुप्पट दराने. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत असेल, तर घर ते कंपनी या प्रवासातला अपघातही कामावरचा अपघात धरतात, २०१० पासून. त्यासाठी त्या वेळी तुम्ही ड्युटीवर जात होतात किंवा येत होतात हे दिसायला हवं, आणि रात्री बसचं रजिस्टर तिथेच कामाला येतं.

आणि तुमच्या शेजारी ज्या कॉन्ट्रॅक्टच्या मुली आहेत त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही पण मला त्यांची जास्त काळजी वाटते. त्यांची संमतीपत्रं कॉन्ट्रॅक्टर घेतो, त्यांना कॉपी मिळत नाही, नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. कारखान्यातल्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखान्याच्या मालकाची असते, बाई कोणाच्याही रोलवर असली तरी. तुम्ही अटी मागाल तेव्हा 'सर्व महिला कामगार' असा शब्द वापरा, 'कंपनीच्या महिला कर्मचारी' असा नको. एका शब्दाने बसमध्ये कोण बसणार ते ठरतं.

दाद कुठे मागायची? संहितेखालचे नवे नियम आणि जुने नियम यांचा हा बदलाचा काळ आहे, जुने नियम नव्या कायद्याच्या विरोधात नसतील तिथे चालू राहतात. त्यामुळे तुमच्या कारखान्याला आज नेमक्या कोणत्या अटी लागतात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, म्हणजे ज्याला सगळे डिश म्हणतात त्या ऑफिसात लेखी विचारा. फॅक्टरी इन्स्पेक्टरने तक्रारदाराचं नाव कंपनीला सांगायचं नसतं, १९४८ च्या कायद्यात तर त्याचं स्पष्ट कलमच होतं. चार-पाच जणींनी मिळून अर्ज दिला तर उत्तम.

तर क्रम असा ठेवा. यादीवर सही नाही. स्वतःचा वेगळा फॉर्म मागायचा. बस, टॉयलेट, शिफ्टमधल्या बायकांची संख्या, हे तीन स्वतः डोळ्यांनी बघायचे. मग घरी बोलायचं. मग लेखी उत्तर. जायचं ठरलं तर मजकूर साधारण असा लिहा: 'मी दिनांक अमुकपासून तीन महिन्यांसाठी, महिन्यातून एक आठवडा, रात्री काम करण्यास खालील अटींवर संमती देते. कंपनीच्या वाहनाने घराच्या दारापर्यंत ने-आण, शिफ्टमध्ये किमान इतक्या महिला कामगार, महिला सुपरवायझर किंवा सिक्युरिटी हजर. अटी पाळल्या न गेल्यास किंवा माझी घरची परिस्थिती बदलल्यास ही संमती मी लेखी कळवून मागे घेऊ शकेन. तीन महिन्यांनी फेरविचार करण्यात यावा.' तीन महिन्यांची मुदत नक्की घाला, कारण मुदत नसलेली संमती मागे घ्यायला गेलं की भांडण होतं आणि मुदत असलेली आपोआप संपते. नाही म्हणायचं ठरलं तर दोन ओळी पुरेत, कारण द्यायचीही गरज नाही, आणि सोबत लिहा की फर्स्ट आणि जनरल शिफ्टला मी पूर्वीसारखीच हजर राहीन.

इनचार्जच्या जागेचं अजून एक. मुलाखतीत 'रात्री येणार का' असं विचारतील, तेव्हा हो किंवा नाही एवढंच बोलू नका, हाच कागद पुढे ठेवा. माझ्या एका अशीलाने तसंच केलं होतं, तिला जागा मिळाली आणि तिच्या अटींमुळे बसचा रूट बदलला, तो आजही तसाच गल्लीपर्यंत जातो.

तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की कॉन्ट्रॅक्टरच्या, आणि कंपनीत युनियन आहे का, हे कळवा. युनियन असेल तर २१ दिवसांच्या नोटिशीचा मुद्दा त्यांच्यामार्फत उचलायला हवा, आणि मग संमतीपत्राचा मसुदा सगळ्याजणींसाठी एकच करता येईल.